"आजी गेल्या आणि मला फक्त बेड रिकामा झालेला दिसला"

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूमध्ये काम करणाऱ्या स्टाफ नर्सचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा देते.

वय चौतीस, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, नोकरीला अकरा वर्षं झाली. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत कामाला, ते "समजून घेतात". मुलगी चौथीत, घरी सासूबाई. गेल्या महिन्यात जतकडच्या एक आजी बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहून पहाटे गेल्या. ताई लिहितात, "त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या साबण लावून काढल्या, गॉजमध्ये गुंडाळून मुलीच्या हातात दिल्या. ती रडत होती. माझ्या डोक्यात एवढंच की बेड रिकामा झाला, मॉर्निंगला नवीन ॲडमिशन येणार आणि फाईल अजून अर्धी आहे." त्याच आठवड्यात एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणाऱ्या नातेवाइकावर त्या सगळ्यांसमोर ओरडल्या. नाईटला बऱ्याचदा व्हेंटिलेटरचे तीन पेशंट एकटीकडे असतात. सलग सात नाईट, मधूनच डबल ड्युटी, लागलेला ऑफ आदल्या दिवशी रद्द. "कोविडातसुद्धा माझं असं झालं नव्हतं." हॉस्पिटलने तणावमुक्तीचं लेक्चर ठेवलं, तिथे रोज दहा मिनिटं ध्यान करायला सांगितलं. "माझ्यातली माणुसकी संपली का? अशा मनाने सेवेच्या क्षेत्रात राहणं पाप वाटतं. नोकरी सोडू का? पण घराचा हप्ता चालू आहे." आणि शेवटी, "घरी जाताना कधी कधी वाटतं, किरकोळ अपघात होऊन पाय मोडला तर बरं. पंधरा दिवस झोपता तरी येईल."

ताई,

पाय मोडण्याचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी सुरुवात तिथूनच करते. हे वाक्य मी वॉर्डात बऱ्याच जणींच्या तोंडून ऐकलंय, चहा पिता पिता, हसत हसत सांगितलेलं. हसण्यावारी न्यायचं ते वाक्य नाही. माणसाला सुट्टी मागण्यापेक्षा हाड मोडून घेणं सोपं वाटायला लागलं, तर मागण्याचे बाकीचे रस्ते त्याच्यासाठी बंद झालेत असं समजावं. तुम्हाला सरळच विचारते, कारण तुम्ही पेशंटला असंच विचारता: पाय मोडावा इथपर्यंतच विचार येतो, की त्याच्या पुढेही जातो? जगूच नये, झोपेतून उठूच नये, असं कधी वाटतं का? वाटत असेल तर ही पुढची पानं बाजूला ठेवा आणि आजच कुणाशी तरी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आपल्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत बसायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये बातमी जाते. मग सांगलीच्या सिव्हिलला जा, किंवा मिरजेत बाहेरच्या डॉक्टरांकडे जा.

एक गोष्ट आयसीयूतल्या सगळ्यांसाठी म्हणून सांगते. झोप येत नाही म्हणून वॉर्डातल्या स्टॉकमधली गोळी घेणं कुणी सुरू केलं असेल, तर ते थांबवायला हवं आणि तेही आजच डॉक्टरांना सांगून, त्यांच्या सल्ल्याने, कारण रोज घेतलेली झोपेची गोळी एकदम तोडली तरी त्रास होतो. औषध हाताशी असणं हा आपल्या कामातला मोठा धोका आहे. त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

आता बांगड्यांचं. कुणी तुम्हाला म्हणेल, बांगड्या आठवतात म्हणजे मन जिवंत आहे, काळजी करू नका. अशी बोळवण मला करायची नाही. त्यापेक्षा त्या रात्रीचं काम मांडून बघू.

व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला तासाला काय लागतं ते वॉर्डाबाहेरच्या वाचकांना माहीत नसतं, म्हणून लिहिते. दर तासाला नाडी, बीपी, सॅच्युरेशन आणि लघवीची नोंद. गरज पडेल तसं सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं. दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. तोंडाची स्वच्छता, नळीतून फीड, सिरिंज पंपांवरची औषधं, मध्येच रक्ताचा नमुना, मध्येच डॉक्टरांना फोन. आणि या प्रत्येकाची वेळ टाकून सही. म्हणूनच अशा पेशंटमागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असा निकष आहे. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेनेही आयसीयूसाठी एकास एक हेच प्रमाण धरलंय. तुमच्याकडे तीन.

तिघांचं काम एकटीने करायचं तर काहीतरी वगळावंच लागतं. सक्शन वगळता येत नाही. इन्फ्युजन वगळता येत नाही. कागद तर मुळीच नाही, सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना पहिली बघतात ती फाईल. मग उरतं काय? उशाशी दोन मिनिटं उभं राहणं. रडणाऱ्या मुलीला खुर्ची देऊन तिच्याशेजारी बसणं. वगळता येण्यासारखं तेवढंच असतं, कारण त्याच्यासाठी फाईलमध्ये रकाना नाही. हे तुम्ही एका रात्रीत ठरवलं नाहीत. किती वर्षं रोज थोडं थोडं वगळत आलात, आणि मनानेही ते शिकून घेतलं. त्याला तुम्ही माणुसकी संपणं म्हणता. मला ती कामाच्या वाटणीतली तूट दिसते, आणि ती भरून काढायची जबाबदारी एकट्या तुमची नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली, त्यात बर्नआउटची तीन लक्षणं दिली आहेत: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून आता नीट काही होत नाही असं वाटणं. तिन्ही तुमच्या पत्रात आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागेतला ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही, त्याचा हा परिणाम, असं म्हटलंय. म्हणजे कारण शोधायचं तर आधी ड्युटी लिस्टमध्ये शोधायचं, तुमच्या स्वभावात नंतर.

तरीही शरीर तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ या तीन तपासण्या आधी करा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. रोज दुसऱ्याच्या शिरेतून रक्त काढणाऱ्या बायका स्वतःचं वर्षानुवर्षं तपासत नाहीत. आठ हिमोग्लोबिनवर नाईट करणाऱ्या बाईला ध्यान शिकवून काय होणार? आणि सुट्टीतसुद्धा, मुलीबरोबर असतानासुद्धा, आवडतं जेवण समोर असतानासुद्धा मन असंच कोरडं राहत असेल, तर ते नुसतं बर्नआउट नसून नैराश्य असू शकतं. त्याला उपचार लागतात आणि ते मिळतात.

कोविडात असं झालं नव्हतं, या तुमच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. आपल्या जिल्ह्याने तो काळ फार लवकर पाहिला. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरच्या एकाच कुटुंबातले इतके जण बाधित निघाले की सगळ्या राज्याचं लक्ष तिकडे गेलं. त्या दिवसांत पीपीई किटमध्ये घामाने भिजून आपण तीन काय, त्याहून जास्त पेशंट पाहिले. पण तेव्हा ही आणीबाणी आहे हे सगळ्यांना मान्य होतं. घरचे धास्तावलेले असायचे, गल्लीतले लोक विचारपूस करायचे, आणि हे कधीतरी संपेल अशी आशा होती. आता आणीबाणी संपली, बोजा मात्र बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला आणि त्यालाच रोजचं काम म्हणायला लागले. माणूस संकट सोसतो. संकटाचीच ड्युटी लिस्ट झाली की तो थकतो. म्हणून "तेव्हा जमलं, मग आता का नाही" हा प्रश्न स्वतःला विचारणं सोडा.

"सेवेच्या क्षेत्रात पाप" हेही जरा तपासून बघा. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून या भागाला परिचारिका ठाऊक आहेत. अथणी, विजापूरकडून कानडी बोलणारे पेशंट आजही मिरजेला येतात. इथल्या लोकांच्या मनात सिस्टरबद्दल माया आहे, हे खरं. पण सेवा म्हटलं की पगार, पाळी आणि झोप यांच्याबद्दल बोलायचं नाही, हा नियम कुणी केला? डॉक्टरही सेवाच करतात. त्यांनी कन्सल्टेशनची फी मागितली म्हणून त्यांना पाप लागल्याचं मी ऐकलं नाही. (हे वाचून काही डॉक्टर मंडळी रागावतील. रागावू देत.)

तुमच्या त्या लेक्चरबद्दल. ध्यान वाईट नाही, ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. पण हॉस्पिटलने ऑफ रद्द करत राहायचं आणि नर्सने ध्यान करत राहायचं, हे तोटी उघडी ठेवून वरून हौदात बादल्या ओतण्यासारखं झालं. दर १२ मेला, परिचारिका दिनी, आपल्याला गुलाबाचं फूल देतात, केक कापतात, नाइटिंगेलबाईंच्या दिव्यावर भाषण होतं. त्याच बाईने क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे जमवले आणि गोळ्या-जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त माणसं मेली हे १८५८ मध्ये आकृत्या काढून सरकारला दाखवलं. त्याच सुमारास लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सदस्य करून घेतलं, संस्थेची पहिली स्त्री सदस्य. ही नाइटिंगेल कुणी भाषणात सांगत नाही. तुम्हाला तीच उपयोगाची आहे.

एक वही करा. पुढचा महिनाभर रोज चार ओळी: कोणती पाळी, खरी सुरुवात आणि खरा शेवट, किती पेशंट आणि त्यातले व्हेंटिलेटरवर किती, जेवायला बसलात की नाही. ऑफ रद्द झाला तर कधी कळवलं तेही लिहा. पेशंटचं नाव लिहायचं नाही, फाईलचे फोटो काढायचे नाहीत. या दोन चुकांमुळे खरी तक्रारही उलटते. "मॅडम, खूप ताण आहे" या वाक्याला इन्चार्ज सिस्टरकडे उत्तर तयार असतं: ताण कुणाला नाही? "या महिन्यात नऊ नाईटला माझ्याकडे व्हेंटिलेटरचे तीन होते आणि तीन ऑफ आदल्या दिवशी गेले" या वाक्याला तसं उत्तर देता येत नाही. शक्यतो एकटीने जाऊ नका. तुमच्याच युनिटमधल्या आणखी दोघींना वही लिहायला सांगा आणि तिघी मिळून जा. एकटीची कुरकूर ठरते.

मागायचं काय, हे आधी ठरवून जा. सगळं एकदम मागितलं तर काहीच मिळत नाही. मी असते तर तीन गोष्टी मागितल्या असत्या. पहिली, पाळ्या मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट अशा पुढे सरकत लावा. नाईटवरून उलट इव्हिनिंग, मग मॉर्निंग असं मागे येणं शरीराला जड जातं, आणि पुढे सरकवायला हॉस्पिटलचा एक पैसाही लागत नाही. दुसरी, सलग नाईट तीन-चारच्या वर नकोत आणि त्यानंतरचा ऑफ रद्द करायचा नाही. तिसरी, तुमच्यापुरती: तीन महिने दुसऱ्या विभागात बदली. डायलिसिस, ओटी, ओपीडी, लसीकरण, कुठेही. आयसीयूत अकरा वर्षं काढलेल्या बाईला तीन महिने ओपीडीत बसवलं म्हणजे तिचं कौशल्य वाया गेलं असं मेट्रन, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख, म्हणतील. त्यांना सांगा, राजीनामा दिला तर कायमचंच जाईल. नव्या मुलीला व्हेंटिलेटरवर तयार करायला किती महिने जातात हे मेट्रनला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. अर्ज लेखी द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या.

इन्चार्ज सिस्टरला शत्रू समजू नका. ती बहुतेक वेळा वरून आलेला आकडा खाली वाटत असते, आणि तिची स्वतःची झोप तुमच्यापेक्षा फार बरी असते असंही नाही.

ज्या नातेवाइकावर ओरडलात, ते अजून ॲडमिट असतील तर जाऊन दोन शब्द बोला. "त्या दिवशी माझा आवाज चढला" एवढंच पुरे. स्पष्टीकरण देत बसू नका. आणि कुणी अंगावर धावून आलं तर मात्र गप्प बसू नका. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हिंसेविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे आणि त्यात परिचारिकाही येतात.

कुणी गेल्यावर बॉडी पॅक करायच्या आधी एक मिनिट सगळ्यांनी थांबायचं, असं काही युनिटमध्ये करतात. डॉक्टर, सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, हाताशी असतील ते सगळे. कुणी काही बोलायची गरज नसते. याने ड्युटी कमी होत नाही, पण जे वगळलं जातं त्यातलं थोडं परत येतं. तुमच्या नाईटला करून बघा, परवानगी लागत नाही.

आता घरचं, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. तुम्ही नाईट करून पावणेनऊला घरी पोचता, कपडे, स्वयंपाक, भांडी आवरून साडेअकराला आडव्या होता, तीनला मुलगी शाळेतून आली की उठता. मध्ये कुरिअरवाला, शेजारच्या काकू, मिक्सर. साडेतीन तासांची तुटक झोप आणि रात्री परत तीन व्हेंटिलेटर. मिस्टर समजून घेतात असं लिहिलंय तुम्ही. समजून घेतात म्हणजे मुलीचा डबा कोण भरतं? नाईटच्या आठवड्यात सकाळचा स्वयंपाक त्यांनी करायचा किंवा पोळ्या बाहेरून आणायच्या, हे त्यांच्याशी बसून ठरवा. विनवणीच्या सुरात नको. सासूबाईंना दिवसा झोपणारी सून डोळ्यांत खुपत असेल तर मिस्टरांनीच त्यांना सांगावं की ही रात्री दहाची झोप आहे, फक्त ती सकाळी दहाला लागते. सुनेने सांगितलं तर उत्तर दिल्यासारखं होतं.

घरी आल्यावर आधी झोप, कामं नंतर. खिडकीला जाड चादर लावा, बेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत. येताना काळा चष्मा घाला, सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदू दिवस सुरू करतो. रात्रीचा शेवटचा चहा दोनच्या आत. आणि पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीर सगळ्यात मंद असतं. त्या वेळात पोटॅशियम, इन्सुलिन, हेपॅरिन, नॉरअॅड्रिनलिन यांसारखं, डोस चुकला तर जिवावर बेतणारं औषध भरत असाल तर दुसऱ्या सिस्टरला लेबल आणि डोस दाखवल्याशिवाय पंप सुरू करू नका. आपसात ठरवून एकीने वीस मिनिटं डोळे मिटावेत, दुसरीने बघावं. याला कामचुकारपणा म्हणणाऱ्यांनी एकदा सातवी नाईट करून दाखवावी. डबल ड्युटी झाली की गाडी स्वतः चालवायची नाही, बसने किंवा रिक्षाने या. ते पाय मोडण्याचं वाक्य डुलकीत खरं व्हायला वेळ लागत नाही.

राहिला नोकरीचा प्रश्न. सातव्या नाईटनंतर घेतलेला कोणताच निर्णय पक्का धरू नका, राहण्याचा नाही आणि सोडण्याचाही नाही. साठलेली रजा असेल तर सलग आठवडाभर घ्या, मग विचार करा. शिवाय नर्सिंग सोडणं, हे हॉस्पिटल सोडणं आणि आयसीयू सोडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पत्रात त्या एकात मिसळल्यात. मला वाटतं, तुम्हाला तिसरी हवी आहे, कदाचित दुसरी. पहिली हवी असल्याची खूण मला पत्रात दिसली नाही.

अर्जाचं उत्तर महिना-दीड महिना आलं नाही, किंवा "जमत नसेल तर सोडा" असं आलं, तर शांतपणे दुसरीकडे बघायला लागा. सांगली-मिरजेत हॉस्पिटलांना तोटा नाही, आणि अनुभवी आयसीयू नर्सला कराड, कोल्हापूरपर्यंत मागणी आहे. सरकारी अधिपरिचारिकेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, वयाची अट बघून घ्या. मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा: नाईटला एका सिस्टरकडे किती पेशंट, सलग किती नाईट? पगाराचं बोलताना हे माहीत असू द्या: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने दोनशेच्या वर बेड असलेल्या खासगी हॉस्पिटलने सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा आणि पन्नासच्या आतल्यानेही किमान वीस हजार द्यावेत, अशी शिफारस केली होती. ती शिफारस आहे, तिच्यावर बोट ठेवून पगार लगेच वाढत नाही, पण बोलणी कुठून सुरू करायची ते कळतं.

आणि राजीनामा द्यायच्या आधी कागद गोळा करा. तुमची मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलने ठेवून घेतली असतील तर ती लेखी अर्ज करून आधी परत मागा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीची मुदत बघा. नेमणूकपत्रात नोटीस किती दिवसांची आहे ते वाचा. पीएफचा यूएएन नंबर, गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आयसीयूत काम केल्याचा उल्लेख असलेला अनुभवाचा दाखला, हे सगळं हातात आलं की मगच सही करा. पीएफ काढू नका, नव्या ठिकाणी वर्ग करून घ्या.